सेटिंग्ज उघडता उघडता मिटते तेव्हा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल विणणाऱ्या एका छोट्या कारखान्याचे हिशेब मी पाहतो. पुढच्या बाजूला दहा बाय बाराचे कार्यालय, मागे यंत्रमाग आणि मधल्या भिंतीतून दिवसभर झिरपणारा खडखडाट, अशा त्या खोलीत एक डेस्कटॉप संगणक आहे, आणि त्यावर मी स्वतःच्या हट्टाने विंडोजऐवजी उबंटू या लिनक्स प्रणालीची २२.०४ ही आवृत्ती बसवलेली आहे. बिले नऊ पिनांच्या जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर निघतात, कारण कार्बनच्या तीन प्रती एका दमात काढायच्या तर अजूनही तोच लागतो. एप्रिलमधल्या एका सकाळी या संगणकाचे सेटिंग्ज उघडेनासे झाले. दोष सापडेपर्यंत माझा दीड दिवस गेला आणि त्यातला बहुतेक वेळ मी चुकीच्या जागी शोधत होतो. ती चूक कशी झाली, हे विसरण्याआधी लिहून ठेवतो.

डाव्या कडेच्या पट्टीतल्या दातेरी चाकावर क्लिक केले की चाकाशेजारी नारिंगी ठिपका उमटे, माउसचा बाण क्षणभर गोल फिरे, कधीकधी विंडोची रिकामी करडी चौकट अर्धा सेकंद दिसे आणि मग ठिपक्यासह सगळे नाहीसे होई. काय बिघडले ते सांगणारा एक शब्दही पडद्यावर येत नव्हता. बाकीचा संगणक ठणठणीत होता. ब्राउझर चालत होता, लिबरऑफिसमधले तक्ते उघडत होते, इंटरनेट होते, आवाज होता. आणखी एकच गोष्ट बिघडलेली होती आणि तिला मी निराळा बिघाड समजत होतो: सकाळी पहिले बिल छापायला पाठवले तेव्हा छपाईच्या रांगेत ‘फिल्टर फेल्ड’ एवढेच दोन शब्द आले आणि कागद जागचा हलला नाही. त्याचे कारण आपल्याला ठाऊक आहे, असे मला वाटत होते. आदल्या दिवशी दुपारी सव्वादोनच्या सुमारास मी सेटिंग्जमधल्या प्रिंटरच्या पानावर बिलाच्या कागदाचा आकार बदलत असतानाच वीज गेली, यूपीएसने एक चिरका आवाज काढून मान टाकली आणि संगणक जागच्या जागी बंद पडला. वीज आली ती संध्याकाळी कारखाना सुटल्यावर. म्हणजे कागदाच्या आकाराचे काम अर्धवट राहिले असणार आणि सेटिंग्ज उघडून ते पुरे केले की बिल निघेल, असा माझा सरळ हिशेब होता. सेटिंग्ज उघडत नाही हे मी त्या कामाच्या वाटेतले विघ्न मानले. ते त्याच दुखण्याचे दुसरे लक्षण असेल, हे तेव्हा मनातही आले नाही.

भाचा त्या दिवशी कार्यालयात आलेला होता. तो डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने दोनदा क्लिक करून पाहिले आणि निर्णय दिला, “मामा, फॉरमॅट मारून टाकू. दोन तासांत कोरा करून देतो तुम्हाला.” आपल्याकडे संगणकाच्या कोणत्याही आजारावर फॉरमॅट मारण्याची जी पद्धत पडली आहे, ती सर्दीलाही सलाइन लावणाऱ्या दवाखान्यासारखी आहे, रोगी उठून बसतो हे खरे, पण त्याला काय झाले होते ते ना त्याला कळते ना डॉक्टरला, आणि पुढच्या वेळी पुन्हा सलाइनच लावावे लागते. मालकांना या वादात रस नव्हता. ते दारातूनच म्हणाले, “संध्याकाळी ट्रान्सपोर्टची गाडी भरायची आहे. बिलं निघतात की नाही तेवढं सांगा.” मी नाही म्हणालो, कपाटातून छापील बिलबुक काढले आणि त्या दिवशीची सात बिले हाताने लिहिली. मग दुपारी संगणकासमोर बसलो.

विंडो काहीच बोलत नसेल, तर तोच कार्यक्रम (प्रोग्रॅम) टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, चालवून पाहावा. चिन्हावर क्लिक केल्यावर कार्यक्रम जे पुटपुटतो ते कुठेतरी यंत्रणेच्या नोंदवहीत (लॉगमध्ये) जाते. टर्मिनलमधून चालवला तर ते समोर दिसते. उबंटूच्या या आवृत्तीत सेटिंग्जचे खरे नाव ‘ग्नोम-कंट्रोल-सेंटर’ असे आहे; ग्नोम म्हणजे उबंटूचा डेस्कटॉप. ते टाइप करून एंटर दाबले, चौकट चमकून गेली आणि टर्मिनलमध्ये शेवटी एक ओळ उरली: सेगमेंटेशन फॉल्ट, कोअर डम्प्ड.

या ओळीला घाबरण्याचे कारण नाही, मात्र तिचा अर्थ नीट समजून घ्यावा. प्रत्येक कार्यक्रमाला मेमरीतली ठरावीक जागा वापरण्याची मुभा असते. आपल्या वाट्याला न आलेल्या पत्त्यावर त्याने हात घातला की कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, त्याला ११ क्रमांकाचा संकेत पाठवते आणि तिथेच संपवते. पुष्कळदा असा पत्ता शून्य हाच असतो, म्हणजे जिथे काहीतरी मिळेल असे कार्यक्रमाने गृहीत धरलेले असते, तिथे प्रत्यक्षात काहीच नसते. ‘कोअर डम्प्ड’ म्हणजे मरतेवेळी त्याच्या मेमरीत काय होते, त्याची प्रत काढून ठेवली. यातला ‘कोअर’ हा शब्द जुना आहे. साधारण १९५० ते १९७० च्या दशकांत संगणकाची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची असे आणि त्या कड्यांतून उभ्या-आडव्या तारा ओवलेल्या असत, बहुतेक वेळा हातानेच. जिथे उभी आणि आडवी तार एकमेकींना छेदत तिथे एक कडी आणि त्या कडीत एक बिट. ताणा आणि बाणा, म्हणजे कापडाचे उभे आणि आडवे धागे, ज्या गावाला समजावून सांगावा लागत नाही, त्या गावात बसून ही ओळ वाचताना मला दर वेळी थोडी गंमत वाटते.

पण ही ओळ कार्यक्रम कसा मेला ते सांगते, का मेला ते सांगत नाही. म्हणून संशयितांची यादी करावी लागली. वीज अचानक गेली होती, तेव्हा पहिला संशय डिस्कवर. ती भरलेली नव्हती. डिस्क काठोकाठ भरली की कार्यक्रम असेच तऱ्हेवाईक वागतात, म्हणून ते आधी पाहून घ्यावे. संगणक सुरू होतानाच्या नोंदींत डिस्कवरच्या फायलींची व्यवस्था पाहणाऱ्या फाइल प्रणालीने आपले जर्नल, म्हणजे बदलांची टिपणवही, वाचून स्वतःला सावरल्याची ओळ होती आणि त्यापुढे तक्रार नव्हती. मी डिस्कला निर्दोष ठरवले. हे घाईचे होते, हे पुढे कळले. नोंदवहीत सेटिंग्जच्या मृत्यूची नोंद असेल म्हणून ‘ग्नोम-कंट्रोल-सेंटर’ हे पूर्ण नाव घालून शोधले, तर हा कार्यक्रम सुरू झाला आणि संपला एवढेच सांगणाऱ्या ओळी मिळाल्या, कारणाची एकही नाही. इथेही चूक माझीच होती. तीही पुढे सांगतो.

दुसरा संशय मराठीवर गेला, आणि तो वाटतो तितका चमत्कारिक नाही. हा संगणक मी मराठीत वापरतो, म्हणजे मेनू आणि संदेश मराठीत दिसतात. इंग्रजी संदेशात जिथे संख्या किंवा नाव भरायचे असते तिथे ‘पर्सेंट डी’, ‘पर्सेंट एस’ अशा खुणा असतात. भाषांतर करताना अशा खुणेचा प्रकार चुकून बदलला गेला, तर कार्यक्रम एखाद्या साध्या संख्येला पत्ता समजून तिकडे धाव घेतो आणि कोसळतो, तोही फक्त त्या एका भाषेत. भाषांतराच्या फायली तपासणारी साधने हा दोष पकडतात, त्यामुळे तो क्वचित घडतो. तरी तपासायला अर्धे मिनिटसुद्धा लागत नाही. टर्मिनलमध्ये आज्ञेच्या आधी ‘एलसी-ऑल’ या चलाला ‘सी’ हे मूल्य दिले की तेवढ्यापुरता कार्यक्रम इंग्रजीत चालतो. सेटिंग्ज इंग्रजीतही तितक्याच तत्परतेने कोसळले. मराठी निर्दोष सुटली.

मग मी सेटिंग्जचे पॅकेज ‘एपीटी रीइन्स्टॉल’ने पुन्हा बसवले. काही फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता, कारण पॅकेज पुन्हा बसवल्याने कार्यक्रमाच्या फायली नव्या होतात. त्या फायली जे वाचतात ते तसेच राहते. इथे एक सावधगिरी सांगतो. पुन्हा बसवणे आणि आधी काढून मग बसवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेटिंग्जचे पॅकेज काढून टाकू गेलात तर त्यावर अवलंबून असलेले उबंटू-डेस्कटॉप हे पॅकेजही काढण्याच्या यादीत येते, आणि ती यादी न वाचता ‘वाय’, म्हणजे होय, दाबणारे लोक मी पाहिले आहेत.

त्यानंतरची चाचणी मला नेहमी भरवशाची वाटत आली आहे: नवे खाते काढून पाहणे. सेटिंग्जच बंद असल्यामुळे नवे खाते काढायचे पान उघडण्याचा प्रश्न नव्हता. ‘ॲडयूजर’ या आज्ञेने टर्मिनलमधूनच काढले, त्या खात्यात शिरलो, दातेरी चाकावर क्लिक केले आणि सेटिंग्ज मुकाट्याने उघडले. वाय-फायचे पान समोर आले. मी खुर्चीत मागे टेकलो. कार्यक्रम धड आहे, यंत्रणा धड आहे, बिघाड फक्त माझ्या खात्यात आहे, असा निष्कर्ष मी काढला आणि माझा उरलेला दिवस त्या निष्कर्षाने खाल्ला.

सेटिंग्जची खिडकी म्हणजे सेटिंग्ज नव्हेत, हे इथे लक्षात घ्यायला हवे. ती खिडकी फक्त दाखवते आणि बदलते. आपल्या खात्याच्या बहुतेक आवडीनिवडी, म्हणजे पार्श्वभूमीचे चित्र, कळफलक, शॉर्टकट, रात्रीच्या उजेडाची वेळ इत्यादी, घरच्या फोल्डरातल्या दडलेल्या ‘कॉन्फिग’ फोल्डरात ‘डीकॉन्फ’ या फोल्डरामध्ये ‘यूजर’ नावाच्या एकाच बायनरी फायलीत असतात. ग्नोमच्या तिसऱ्या पिढीपासून, म्हणजे २०११ पासून, ही व्यवस्था आहे. सेटिंग्ज बिघडले की ही फाइल उडवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चालतोही, कारण खाते नव्यासारखे होते. पण माझ्या खात्यातला मराठी इनस्क्रिप्ट आणि इंग्रजी कळफलकांचा क्रम, बिलासाठी बांधलेले पाच शॉर्टकट, सगळे त्यासोबत गेले असते. म्हणून मी आधी ‘डीकॉन्फ डम्प’ या आज्ञेने सगळ्या नोंदी साध्या मजकुराच्या फायलीत उतरवून घेतल्या. काहीही मोडण्यापूर्वी ही एक आज्ञा चालवावी. तीच फाइल ‘डीकॉन्फ लोड’ने परत चढवता येते.

दोनशेहून अधिक ओळींची ती यादी घेऊन मी संध्याकाळी बसलो आणि एकेक गट मूळ स्थितीवर आणून दर वेळी सेटिंग्ज चालवून पाहत गेलो. आधी कळफलक, मग पडद्याची मांडणी, मग शॉर्टकट, मग बाहेरून घेतलेली दोन एक्स्टेन्शन. प्रत्येक वेळी नारिंगी ठिपका उमटायचा आणि विझायचा. रात्री आठला मागच्या बाजूचे माग थांबले, तेव्हा मी सगळे होते तसे चढवून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच यादी पुन्हा वाचताना एका ओळीवर नजर अडली. ‘कंट्रोल-सेंटर’ या गटाखाली लिहिले होते, ‘लास्ट-पॅनल’, आणि त्याचे मूल्य ‘प्रिंटर्स’. आदल्या संध्याकाळी ही ओळ मी किमान तीनदा वाचली असेल. ती निरुपद्रवी वाटली म्हणून ओलांडून गेलो होतो. ग्नोमचे सेटिंग्ज शेवटचे कोणते पान उघडले होते ते लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी थेट त्याच पानावर उघडते. सोयीसाठी केलेली ही युक्ती आहे. पण तेच पान जर कोसळणारे असेल, तर सेटिंग्ज दर वेळी उघडताक्षणीच त्यावर जाऊन आपटणार, दुसऱ्या कोणत्याही पानावर जायची संधीच आपल्याला मिळणार नाही आणि बाहेरून पाहणाऱ्याला सगळे सेटिंग्जच मेले आहे असे वाटणार. नव्या खात्याने आधी कधी काही उघडलेलेच नव्हते. म्हणून ते वाय-फायच्या पानावर सुखरूप उतरले.

ताडून पाहणे सोपे होते. टर्मिनलमध्ये ‘ग्नोम-कंट्रोल-सेंटर’च्या पुढे पानाचे नाव लिहिले की ते पान थेट उघडते, आणि ‘लिस्ट’ हा पर्याय दिला तर सगळ्या पानांची नावे मिळतात. मी पुढे ‘साउंड’ लिहिले. सेटिंग्ज उघडले, आवाजाच्या पट्ट्या दिसल्या. पडदा, उर्जा, वापरकर्ते, एकेका पानावर क्लिक करत खाली गेलो. सगळी पाने नीट. प्रिंटरवर क्लिक केले आणि विंडो गेली. मग नव्या खात्यात शिरून तिथेही प्रिंटरचे पान उघडले, आणि तिथेही सेटिंग्ज तसेच कोसळले. माझे खाते निर्दोष होते. आदल्या दिवशी त्या नव्या खात्यात मी आणखी एक क्लिक केले असते, तर संध्याकाळ वाचली असती. आमच्या ऑटो मागांवर ताण्याचा एखादा धागा तुटला की त्यावरचा ड्रॉपर, म्हणजे धाग्यावर टांगलेली धातूची पट्टी, खाली पडतो आणि माग थांबतो. तेव्हा कारागीर बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला मोठा रूळ, उतरवत नाही, कोणता ड्रॉपर पडला तेवढे पाहतो. मी आदला दिवसभर बीम उतरवत बसलो होतो.

ज्यांना फक्त सेटिंग्ज पुन्हा उघडायला हवे आहे आणि बिघडलेल्या पानाशी कर्तव्य नाही, त्यांचे काम इथेच होते. टर्मिनलमधून दुसरे कोणतेही पान उघडले की ‘लास्ट-पॅनल’ची नोंद बदलते, किंवा ‘जीसेटिंग्ज रीसेट’ या आज्ञेला ‘ओआरजी डॉट ग्नोम डॉट कंट्रोलसेंटर’ हे नाव आणि ‘लास्ट-पॅनल’ हे नोंदीचे नाव दिले की ती पुसली जाते. ग्नोमच्या नव्या आवृत्त्यांत या नावाच्या शेवटी ‘कंट्रोलसेंटर’ऐवजी ‘सेटिंग्ज’ असा शब्द आहे, हे ध्यानात ठेवावे. मला मात्र प्रिंटरच हवा होता.

आता कुठे पाहायचे ते माहीत होते, म्हणून नोंदवहीकडे परत गेलो, आणि या वेळी कार्यक्रमाच्या नावाऐवजी ‘सेगफॉल्ट’ हा शब्द शोधला. कर्नलची ओळ तिथे पहिल्यापासून होती. ती मला सापडली नव्हती याचे कारण असे की कर्नल कार्यक्रमाच्या नावाची पहिली १५ अक्षरेच जवळ ठेवते, त्यामुळे तिथे नाव ‘ग्नोम-कंट्रोल-सी’ असे तुटलेले होते आणि पूर्ण नावाने शोधणाऱ्याला ते कधीच मिळाले नसते. त्या ओळीत पत्ता शून्य होता, आणि ज्या लायब्ररीत, म्हणजे कार्यक्रम वापरतात त्या तयार कोडच्या संचात, असताना कार्यक्रम पडला तिचे नाव ‘लिबकप्स’. कप्स म्हणजे लिनक्सवर छपाईचे सगळे काम पाहणारी यंत्रणा.

कप्सचे स्वतःचे एक पान असते, ते सेटिंग्जवर अवलंबून नाही. ब्राउझरच्या पट्टीत लोकलहोस्ट, मग कोलन, मग ६३१ लिहिले की ते उघडते. तिथे आमचा प्रिंटर यादीत होता, पण त्याच्या मॉडेलच्या जागी काही धड दिसत नव्हते. प्रत्येक प्रिंटरची कुंडली कप्स एका पीपीडी फायलीत ठेवते: कागदाचे आकार कोणते, पिना किती, काय छापता येते. ही फाइल ‘ईटीसी’खालच्या ‘कप्स’मधल्या ‘पीपीडी’ फोल्डरात असते. मी त्या फोल्डराची तपशीलवार यादी मागवली. आमच्या प्रिंटरच्या नावाची एक ओळ आली. तीत हक्क होते, मालकाच्या जागी ‘रूट’ होते, तारीख होती, वेळ १४:१६ होती, आणि जिथे फायलीचा आकार लिहिलेला असतो तिथे एकटे शून्य होते.

वीज गेली ती नेमकी याच वेळी. मी कागदाचा आकार बदलला तेव्हा कप्सने ही फाइल नव्याने लिहायला घेतली. ई-एक्स-टी-फोर ही फाइल प्रणाली नवा मजकूर ताबडतोब डिस्कवर उतरवत नाही; तो काही काळ, साधारण ३० सेकंदांपर्यंत, मेमरीतच राहू शकतो. फायलीचे नाव, हक्क, वेळ यांच्या नोंदी मात्र जर्नलमधून दर ५ सेकंदांनी डिस्कवर जातात. या दोहोंच्या मधल्या फटीत वीज गेली, तर फाइल नावानिशी शाबूत राहते आणि तिच्या पोटात काहीच नसते. जर्नलने सांगाडा सावरला होता, ते खरे होते. मजकुराची हमी जर्नलने दिलेली नव्हती. ती मी आपल्या मनानेच धरून चाललो होतो. छपाईच्या रांगेतले ‘फिल्टर फेल्ड’ आणि सेटिंग्जचे कोसळणे ही दोन्ही त्या एका शून्याची कामे होती.

पुढचे काम दहा मिनिटांचे. कप्सच्या पानावरूनच तो प्रिंटर काढून टाकला, पुन्हा जोडला, चालकांच्या (ड्रायव्हरांच्या) यादीतून एप्सन नऊ-पिन हा साधा चालक निवडला. फोल्डराची यादी पुन्हा मागवली तेव्हा शून्याच्या जागी काही हजार बाइटांचा आकडा होता. दातेरी चाकावर क्लिक केले, प्रिंटरचे पान उघडले, कागदाचा आकार बदलला, आणि हे सर्व बदल डिस्कवर उतरवणारी ‘सिंक’ ही आज्ञा, खरे तर गरज नसताना, दोनदा दिली. प्रिंटरने आपल्या नेहमीच्या कर्कश आवाजात पहिले बिल काढले.

सेटिंग्ज अशा कारणाने मरावे का, हा प्रश्न भाच्याने विचारला आणि तो रास्त होता. रिकामी फाइल हाती आली तर ‘ही फाइल रिकामी आहे’ एवढे सांगून पुढे जाणे कार्यक्रमाला जमायला हवे, असे माझेही मत आहे. म्हणून त्या रिकाम्या फायलीची हकीकत आणि कर्नलची ती ओळ जोडून मी रीतसर दोष-अहवाल पाठवला. पण वीज गेल्यावर संगणक बंद पडू नये म्हणून जी वस्तू टेबलाखाली बसवली होती ती निकामी झाली आहे हे मला दोन महिने ठाऊक होते, तेव्हा दोषाचा मोठा वाटा माझ्याकडेच येतो. यूपीएसमधली शिसे-आम्लाची बंद बॅटरी साधारण २५ अंश तापमान धरून बनवलेली असते, आणि त्यावर दर ८ ते १० अंश वाढले की तिचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा ठोकताळा आहे. आमच्या कार्यालयावर पत्रा आहे आणि सोलापूरचा एप्रिल चाळिशीच्या वर असतो. नवी १२ व्होल्टची बॅटरी त्याच आठवड्यात बसवली आणि यूपीएस भिंतीच्या उन्हाच्या बाजूने काढून दरवाजाजवळ आणला.

भाच्याच्या घरी विंडोज आहे, म्हणून त्याने तिकडचे विचारले. तिथे तपशील वेगळे, पण वाट हीच. रनच्या चौकटीत ‘एमएस-सेटिंग्ज’, कोलन आणि पुढे ‘प्रिंटर्स’ असे लिहिले की सेटिंग्जचे तेवढेच पान उघडते, त्यामुळे कोणते पान पाडते आहे ते एकेक करून पाहता येते. कोसळण्याची नोंद इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशनच्या यादीत १००० या क्रमांकाखाली मिळते आणि तीत कोणत्या मॉड्यूलमध्ये बिघाड झाला त्याचे नाव असते. यंत्रणेच्या फायलीच खराब झाल्याचा संशय असेल तर आधी डिझम आणि मग एसएफसी ही विंडोजची दुरुस्तीची साधने चालवावीत, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या प्रती आणते तो साठा डिझम दुरुस्त करते. नवे खाते काढून पाहण्याची चाचणी तिथेही आहे. फक्त नव्या खात्यात तेच पान उघडून पाहायचे, नुसते सेटिंग्ज नव्हे. हे शेवटचे वाक्य मी त्याला दोनदा सांगितले.

हाताने लिहिलेली सात बिले संध्याकाळी संगणकात चढवताना आणखी एक गोष्ट सापडली. पाचव्या बिलात टॉवेलचे डझन लिहायचे त्या रकान्यात मी नग लिहिले होते, आणि माल तर आदल्या रात्रीच गाडीत गेला होता. मालकांनी व्यापाऱ्याला फोन लावला, पलीकडचे बराच वेळ ऐकून घेतले आणि फोनवर हात ठेवून मला म्हणाले, “ते म्हणतात, तुमच्या कॉम्प्युटरला काय झालंय?”